खानझोडे साहेब आणि न उद्भवणारे प्रश्न

रिटायर झाल्यावर सरकारी माणसाजवळ तीनच गोष्टी उरतात. पेन्शनचं पुस्तक, दुखरा गुडघा आणि किस्से. पेन्शन आपल्या चालीनं वाढते, गुडघा आपल्या चालीनं दुखतो, किश्श्यांना मात्र काही धरबंध नसतो. एक सांगायला घेतला की त्याच्या शेपटीला धरून दुसरा येतो, आणि मूळचा किस्सा कुठं होता ते शोधायला पुन्हा चहा मागवावा लागतो.

आम्ही चार-पाच जुने कारकून रोज सकाळी फिरायला जातो. फिरणं दहा मिनिटं, मग पोह्याच्या ठेल्यावर बसणं दीड तास. डॉक्टरनं मला तर्री, म्हणजे तो झणझणीत रस्सा, बंद केली आहे, म्हणून मी ती फक्त पोह्यांवर घेतो, वरून वेगळी मागत नाही. तिथं बसलं की कोणी तरी म्हणतंच, "गोतमारे, ते खानझोडे साहेबांचं सांगा ना गा." सगळ्यांनी शंभरदा ऐकलेलं असतं. तरी मी सांगतो, आणि तेही पुन्हा हसतात.

खात्याचं नाव सांगत नाही, माझी पेन्शन चालू आहे. रस्ते आणि पूल आमच्याकडे होते, एवढं पुरे. मंत्र्यांचीही नावं नकोत. तेव्हा मंत्री इतके भराभर बदलत की कोण कोणत्या किश्श्यात होते ते आता माझं मलाच आठवत नाही.

काळ सत्तरच्या दशकातला. डिसेंबर आला की अधिवेशनासाठी अख्खं सरकार मुंबईहून नागपूरला यायचं. साहेब लोक स्टेशनवर उतरतानाच मफलर गुंडाळून उतरायचे आणि जाताना संत्र्यांच्या पेट्या घेऊन जायचे. मधल्या दिवसांत सभागृहात आमदार प्रश्न विचारायचे आणि मंत्री उत्तरं द्यायचे. ती उत्तरं मंत्री देतात असं लोकांना वाटतं. ती लिहायचो आम्ही.

आम्ही म्हणजे तिघं. आमचे अधीक्षक खानझोडे साहेब उत्तर लिहीत. मी ते टाइप करी. आणि सोमाजी चपराशी ते पोचवी.

आमदारांच्या प्रश्नाचा एक साचा असतो. एक, अमुक झालं हे खरे आहे काय? दोन, असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली? तीन, नसल्यास विलंबाची कारणे काय? खानझोडे साहेबांनी या साच्याला एक कुलूप तयार केलं होतं. एक, हे खरे नाही. दोन व तीन, प्रश्न उद्भवत नाही. झालं! पहिल्या ओळीत 'खरे नाही' म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न आपोआप मरतात.

"गोतमारे," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "'होय' हा शब्द दिसायला लहान आहे. पण एकदा का तो सभागृहात गेला, की त्याच्या मागं मागं सगळं खातं फिरते. मी बावीस वर्षांत तो लिहिला नाही. तुम्हीही लिहू नका."

त्यांचं अक्षर मोठं सुरेख होतं. शिरोरेषा पट्टीनं मारल्यासारखी सरळ. त्या अक्षरात 'प्रश्न उद्भवत नाही' लिहिलेलं पाहिलं की प्रश्न विचारणाऱ्यालाही वाटावं, खरंच, कशाला विचारलं आपण!

*

हे कुलूप ते ऑफिसात ठेवून घरी जात असते तर बरं होतं. पण नाही.

एकदा मी महाल भागात त्यांच्या घरी फाइल द्यायला गेलो. काकू दारातच होत्या, भलत्या तापलेल्या. म्हणाल्या, "गोतमारे, तुम्हीच सांगा. मी यांना विचारलं, वांगी आणि सांबार आणला का? तर म्हणतात, 'हे अंशतः खरे आहे.'"

पिशवीत नुसता सांबार होता, म्हणजे तुमची कोथिंबीर. वांगी नव्हती.

"मग मी विचारलं, वांगी काहून नाही आणली? तर म्हणतात, 'बाब विचाराधीन आहे.'"

खानझोडे साहेब आतून शांतपणे म्हणाले, "वांगी किडकी होती. पण तसं सांगितलं असतं, तर 'दुसऱ्या दुकानात का गेला नाहीत' असा उपप्रश्न आला असता."

काकू माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "बावीस वर्षांपासून मी विरोधी पक्षात आहे, बाप्पा."

त्या दिवशी मला तिथंच जेवायला बसवलं. झुणका होता आणि त्यावर भरपूर सांबार.

*

आमच्या एका मंत्र्यांकडे दोन खाती होती. एक आमचं, दुसरं गुरांच्या दवाखान्यांचं. प्रश्नोत्तराच्या तासाला त्यांच्यापुढं दोन फायली ठेवलेल्या असायच्या. डावीकडं रस्ते, उजवीकडं गुरं.

एक दिवस काय झालं, ज्या आमदाराचा रस्त्याचा प्रश्न पुकारला तो गैरहजर. अध्यक्षांनी लगेच पुढचा प्रश्न घेतला. तो होता गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर नसल्याबद्दल. आमच्या मंत्र्यांनी मात्र रस्त्यांचीच फाइल उघडलेली. उठले आणि खणखणीत आवाजात वाचलं, "हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही."

अधिकाऱ्यांच्या गॅलरीत मी खुर्चीवरून अर्धा उठलो. कळमेश्वरकडच्या एका रस्त्यावरच्या खड्ड्यांचं उत्तर त्यांनी बैलांच्या डॉक्टराला दिलं होतं. आता गदारोळ होणार, मंत्र्यांची शोभा होणार, आणि संध्याकाळी आमची वरात निघणार असं मी धरूनच चाललो.

काही झालं नाही. आमदार खाली बसले. अध्यक्षांनी पुढचा प्रश्न पुकारला. मी घाईघाईनं शेजारी बसलेल्या गुरांच्या खात्याच्या कारकुनाची फाइल पाहिली. त्यातलं उत्तर शब्दाशब्दाला तेच होतं.

मी खानझोडे साहेबांकडं पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "याला म्हणतात मसुदा."

*

आता सोमाजीबद्दल सांगतो, कारण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढं जात नाही.

सोमाजी उमरेडच्या पुढच्या धामणडोह नावाच्या खेड्यातला. पन्नाशीचा, काटक, पायात वहाण आणि डोक्यावर टोपी. घरी थोडी शेती, ती बायको पाही. हा आठवडाभर नागपुरात, आणि शनिवारी एस.टी.नं गावी.

सभागृहात मंत्र्याला एखादा उपप्रश्न अडला की गॅलरीतून चिठ्ठी पाठवायची पद्धत. खानझोडे साहेब झरझर चिठ्ठी लिहीत, तिची चार घड्यांची पुडी करीत, आणि सोमाजी ती खाली नेऊन देई. सोमाजी पहिल्यांदा या कामावर आला त्या दिवशी एका आमदारानं विचारलं, "या रस्त्यावर गेल्या वर्षी किती अपघात झाले?" मंत्र्यांनी मान वर करून गॅलरीकडं पाहिलं. साहेबांनी चिठ्ठी लिहिली. सोमाजी निघाला.

आणि सरळ विरोधी बाकांकडं वळला. प्रश्न विचारणाऱ्या आमदाराच्या हातात चिठ्ठी ठेवली, नमस्कार केला आणि परत आला.

आमदारानं घडी उघडली. आत साहेबांच्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं, 'माहिती उपलब्ध नाही. वेळ संपेपर्यंत बोलत राहावे.'

आमदार उठले. "अध्यक्ष महोदय, मंत्र्यांकडे माहिती नाही असं मला त्यांच्याच खात्याकडून आत्ताच कळलं आहे. तेव्हा त्यांनी बोलत राहण्याची तसदी घेऊ नये." सगळं सभागृह हसलं. मंत्रीही हसले, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

बाहेर आल्यावर साहेबांनी सोमाजीला धरलं. "अरे, तिकडं काहून नेली?"

सोमाजी बिलकूल घाबरला नाही. "ज्यानं इचारलं त्यालेच नेऊन देल्ली साहेब. मधात मंत्र्याले काहून तरास?"

साहेबांनी त्याला एकदा खालीवर पाहिलं आणि म्हणाले, "यापुढं चिठ्ठी फक्त मंत्र्यांच्या हातात. दुसऱ्या कोणाच्या नाही. आणि उघडून पाहायची नाही."

"जी," सोमाजी म्हणाला. त्यानंतर त्याच्याकडून एकही चिठ्ठी चुकीच्या हातात गेली नाही.

*

एका अधिवेशनात परदेशातलं एक शिष्टमंडळ सभागृह पाहायला आलं होतं. देश कोणता ते विचारू नका. पाहुणे प्रेक्षकांच्या गॅलरीत बसले आणि त्यांचा दुभाष्या त्यांच्या कानाशी लागून सगळं समजावून सांगत होता. त्या दिवशी आमच्या खात्याचे आठ प्रश्न होते. मंत्र्यांनी आठही वेळा सांगितलं, प्रश्न उद्भवत नाही.

नंतर चहापान होतं. शिष्टमंडळाचे प्रमुख उंचेपुरे, पांढऱ्या दाढीचे, मोठे सज्जन गृहस्थ. त्यांनी आमच्या मंत्र्यांचे दोन्ही हात धरले आणि दुभाष्यामार्फत म्हणाले, "आमच्या देशात रोज नवा प्रश्न उद्भवतो. तुमच्या राज्यात एकही उद्भवत नाही. हे तुम्ही कसं साधलं?"

मंत्री म्हणाले, "टीमवर्क."

तिथवर ठीक होतं. पण मग त्या गृहस्थांनी विचारलं, "आमचा आणि आमच्या शेजारी देशाचा सीमेवरून वाद आहे, त्याबाबत आपल्या सरकारचं धोरण काय?" आता आमच्या मंत्र्यांचं परराष्ट्र धोरण म्हणजे फार तर मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत. त्यांनी सवयीनं खानझोडे साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी सवयीनं, चहाच्या टेबलावरच, चिठ्ठी लिहिली. सोमाजीनं सवयीनं ती चार पावलं नेऊन मंत्र्यांच्या हातात दिली. मंत्र्यांनी वाचलं, "सदर बाब केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे. तथापि, माहिती मागविण्यात येत आहे."

पाहुणे गहिवरले. त्यांच्या वादाबद्दल इतक्या आपुलकीनं आजवर कोणी माहिती मागवली नव्हती म्हणे.

तीन महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. माहिती आली काय? खानझोडे साहेबांनी नवी फाइल उघडली, वर नाव घातलं 'परराष्ट्र (संकीर्ण)', आणि आत शेरा मारला, 'स्मरणपत्राची वाट पाहावी.' त्या दोन देशांचा वाद मिटला की नाही मला माहीत नाही. आमच्याकडं मी रिटायर होईपर्यंत तो प्रलंबित होता.

*

आता धामणडोहकडं वळतो.

गाव आणि उमरेडची सडक यांच्यामध्ये एक मोठा नाला. त्यावर पूर्वी रपटा होता, म्हणजे पाण्याच्या पातळीला टेकलेला सिमेंटचा बुटका रस्ता. तो एका पुरात वाहून गेला. तेव्हापासून पावसाळ्यात नाला भरला की गाव तिकडं आणि जग इकडं. त्या भागातले एक म्हातारे आमदार दर हिवाळ्यात प्रश्न टाकत. धामणडोहचा रपटा वाहून गेल्यामुळे पावसाळ्यात गावाचा संपर्क तुटतो, हे खरे आहे काय?

दर हिवाळ्यात आम्ही उत्तर देत असू. हे खरे नाही. रहदारीस अडथळा येत नाही. प्रश्न उद्भवत नाही.

मी एकदा भीत भीत साहेबांना म्हणालो, "साहेब, हे तर खरं आहे. आपला सोमाजी तिथलाच आहे."

"मलाही ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण 'खरे आहे' म्हटलं की लगेच 'मग पूल कधी बांधता' असं येते. मंत्री भरात येऊन म्हणतात, 'करू'. ते 'करू' आश्वासन म्हणून नोंदवलं जाते. त्यासाठी समिती आहे, ती दर वर्षी विचारते, काय झालं तुमच्या 'करू'चं? माझ्या आधीचे अधीक्षक एका 'करू'पायी तीन वर्षं रोज उत्तरं लिहीत होते. बीपी झालं त्यांना."

आमच्या खात्यात 'करू' हा शब्द शिवीसारखा होता, हे खोटं नाही.

त्या वर्षी पाऊस जबर झाला. सप्टेंबरात एका सोमवारी सोमाजी कामावर आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी आला तो गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून, रजेचा अर्ज हातात घेऊन. अर्जात कारण लिहिलं होतं, नाल्याले पूर.

खानझोडे साहेबांनी अर्ज वाचला आणि सवयीनं म्हणाले, "सोमाजी, हे कारण चालणार नाही. त्या नाल्यावर रहदारीस अडथळा येत नाही असं मंत्र्यांनी सभागृहात सांगितलं आहे. मग तू खोटा की मंत्री खोटे?"

साहेबांना वाटलं, सोमाजी हसेल. आम्हालाही वाटलं. सोमाजीनं टोपी काढली.

"मंत्री कसे खोटे असतीन साहेब. मीच खोटा असन. तीन दिवस नाल्याच्या काठावर बसून राहिलो, ते बी खोटंच असन." थोडा थांबून म्हणाला, "माह्या रजेचं काही नाही साहेब. बिनपगारी करा. पण माही कुंदा आठवीत आहे. शाळा इकडं सडकेवर. सहामाहीचे पेपर होते. तीन दिवस ती बी माह्यासंगं काठावर बसली होती, दफ्तर घेऊन. मले रजा भेटन, तिले पेपर कोठून भेटन? मास्तर म्हणते, असंच चाललं तं मॅट्रिकले बसू देणार नाही. हजरीच भरत नाही."

मी टाइपरायटरवर कागद चढवला होता तो तसाच राहिला.

साहेबांनी अर्जावर 'मंजूर' लिहिलं. संध्याकाळी जाताना मला म्हणाले, "गोतमारे, ते उत्तर मीच लिहिलं होतं ना?"

मी म्हणालो, "जी. टाइप मी केलं होतं."

*

डिसेंबर आला. खानझोडे साहेबांचं हे शेवटचं अधिवेशन. वर्ष संपलं की ते रिटायर होणार होते. आमचे त्या वर्षीचे मंत्री नवीन, तरुण, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. त्यांची एक चांगली सवय होती. खात्याची त्यांना काडीचीही माहिती नव्हती आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळं गॅलरीतून चिठ्ठी आली की ते ती जशीच्या तशी वाचत आणि खाली बसत.

म्हाताऱ्या आमदारांनी धामणडोहचा प्रश्न टाकलेलाच होता. छापील उत्तर जुनंच गेलं, कारण ते मुंबईच्या उपसचिवांनी आधीच पास केलेलं होतं. मंत्र्यांनी वाचलं, हे खरे नाही, प्रश्न उद्भवत नाही.

आमदार पुन्हा उठले. त्यांना उठायला वेळ लागत असे, बाकाला धरून उठायचे. म्हणाले, "अध्यक्ष महोदय, मी सात वर्षांपासून हे उत्तर ऐकून राहिलो. पाठ झालं मले. माही तब्बेत आता काही ठीक नाही, पुढच्या वर्षी मी असन नसन. कारणं नका सांगू, कार्यवाही नका सांगू. धामणडोहचा पूल करता काय? होय का नाही, एवढं सांगून टाका."

मंत्र्यांनी मान वर करून गॅलरीकडं पाहिलं.

मी साहेबांच्या शेजारी होतो. त्यांनी कागद घेतला. अशा वेळी ते झरझर लिहीत, पण त्या दिवशी पेन कागदावर टेकून तसंच राहिलं. समोर सोमाजी उभा होता, चिठ्ठीसाठी हात पुढं करून. गावाचं नाव त्यानं ऐकलं होतं. चेहऱ्यावर काही नव्हतं. सात वर्षांत त्यानं स्वतःच्या गावाचं 'नाही' किती वेळा खाली नेऊन दिलं होतं, ते मोजलंही नसेल त्यानं.

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. मग एकच ओळ लिहिली, चार घड्या घातल्या आणि चिठ्ठी त्याच्या हातात ठेवली. मला ती दिसू दिली नाही.

सोमाजी जिना उतरला. नेहमीच्याच चालीनं गेला, मधे कोणाकडं वळला नाही, चिठ्ठी उघडली नाही. स्वतःच्या गावचा पूल हातात घेऊन तो चालला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

मंत्र्यांनी घडी उलगडली आणि वाचलं.

"होय. पुढील पावसाळ्यापूर्वी काम सुरू करण्यात येईल."

मग दोन्ही बाजूंची बाकं वाजायला लागली. म्हातारे आमदार उभेच होते, त्यांना खाली बसायचं सुचेना. मंत्र्यांसाठी बाकं वाजण्याची ही पहिलीच वेळ. ते इतके खूश झाले की त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा वाचलं. म्हणजे आश्वासन दोनदा नोंदवलं गेलं. आमच्या शेजारी मुंबईचे उपसचिव बसले होते, त्यांचा मफलर गळून खाली पडला.

आणि सोमाजी खालीच उभा राहिला. मंत्र्यांच्या बाकामागं, टोपी हातात घेऊन. परत वर यायचं असतं, हे त्याला आठवेना. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू.

पूल झाला. मंत्र्यांना वाजलेल्या बाकांची चव लागली होती, त्यामुळं शब्द फिरवायचं त्यांच्या मनात आलं नाही, आणि समिती होतीच मागं. कुंदा मॅट्रिकच्या वर्गात गेली त्या पावसाळ्यात नाला दोनदा भरला, आणि दोन्ही वेळा ती त्याच्यावरून चालत शाळेत गेली. ती पास झाल्यावर पेढे द्यायला सोमाजी तिला घेऊन आधी साहेबांच्या घरी गेला, मग माझ्याकडं आला. म्हातारे आमदारही चांगले ठणठणीत होते. पुलाच्या उद्घाटनाला त्यांनी लगेच पुढच्या गावच्या नाल्याचा विषय काढला.

आता मेमोचं सांगायचं राहिलं.

त्याच दिवशी दुपारी चिठ्ठी उपसचिवांच्या टेबलावर गेली. अक्षर कोणाचं आहे हे विचारायची गरजच नव्हती, अशी सरळ शिरोरेषा सगळ्या खात्यात एकाचीच. चार वाजता खानझोडे साहेबांना मेमो मिळाला. उपसचिवांनी तो रागात लिहिला होता, पण सरकारी माणूस रागातही साचा सोडत नाही.

(१) आज सभागृहात मंत्रिमहोदयांना पाठविलेली चिठ्ठी आपण लिहिली, हे खरे आहे काय?
(२) असल्यास, सदर मजकुरास वरिष्ठांची मान्यता घेतली होती काय?
(३) नसल्यास, असे करण्याची कारणे काय आहेत?

रिटायरमेंट तोंडावर आलेली, माणसाची पेन्शन लटकायची. सोमाजी दाराशी उभा होता. मी म्हणालो, "साहेब, आपण घाईत चूक झाली असं लिहू. मी मसुदा करतो."

खानझोडे साहेबांनी चष्मा काढला, सोग्यानं पुसला, पुन्हा लावला.

"गोतमारे, कागद चढवा," ते म्हणाले. "मी सांगतो, तसं टाइप करा."

(१) होय.
(२) नाही.
(३) प्रश्न उद्भवत नाही.